समुद्राकडे पाठ केलेलीं घरें

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून शनिवारीं सकाळीं निघालेली बोट तासाभरांत मांडव्यास लागते. उतरणाऱ्या मंडळींत दोन दिवसांच्या विश्रांतीसाठीं आलेलीं कुटुंबें पुष्कळ असतात. किहीम, आक्षी, नागांव, रेवदंडा अशा एखाद्या गांवीं समुद्रकांठचें घर त्यांनीं आधींच भाड्यानें ठरविलेलें असतें. आणि तें ठरवितांना पहिला प्रश्न बहुधा एकच विचारलेला असतो: घरांतून समुद्र दिसतो कीं नाहीं? दिसत असेल तर भाडें अधिक, दिसत नसेल तर कमी. समुद्राचें दर्शन ही येथें मोल देऊन घेण्याची वस्तु झाली आहे.

त्याच गांवांतील एखादें जुनें घर पाहिलें म्हणजे मात्र नवल वाटतें. त्याची ओटी रस्त्याकडे, अंगण रस्त्याकडे, आणि समुद्र पार मागें, वाडीच्या पलीकडे. ज्याच्या दर्शनासाठीं पाहुणा पैसे मोजतो, त्याच्याकडे येथील माणसानें पिढ्यान् पिढ्या पाठ करून घर बांधलें. त्याला सौंदर्याची दृष्टि नव्हती असें म्हणणें सोपें आहे. परंतु तें खरें नाहीं. तें तोंड रस्त्याकडे कां वळलें, याचें उत्तर शोधूं गेल्यास या किनाऱ्याचा दीड-दोन हजार वर्षांचा इतिहास हातीं येतो.

या पट्ट्याला अष्टागर म्हणतात. हें नांव समुद्रावरून पडलेलें नाहीं. तें आगरांवरून, म्हणजे बागायतीवरून पडलें आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. पाण्याच्या कडेपासून गांवाकडे चालत आलें कीं एक ठरलेला क्रम लागतो. आधीं वाळू, मग केवडा आणि उंडी, त्यामागें नारळी-पोफळींची वाडी, वाडींत विहीर, आणि पूर्वीं त्या विहिरीवर रहाट, वाडीच्या मागें घर, घरापुढें रस्ता, रस्त्यापलीकडे भातशेती, आणि अगदीं शेवटीं, खाडीच्या बाजूस, खारें पाणी अडवून धरणारे बांध. या क्रमांत शोभेसाठीं कांहींच नाहीं. उडती वाळू आणि खारा वारा केवडा अंगावर घेतो. नारळ चिवट, म्हणून तो त्याच्या मागें. पोफळ नाजूक; तिला ओलावा आणि सावली लागते, म्हणून ती नारळाच्या आश्रयानें. आणि माणूस या सर्वांच्या आड. कोळ्यांची वस्ती पाण्याच्या अधिक जवळ खरी. परंतु तीहि बहुधा उघड्या वाळूवर नसून खाडीच्या मुखाशीं, होड्यांना आसरा मिळेल अशा ठिकाणीं आहे. समुद्राशीं ज्याचा रोजचा व्यवहार, तो समुद्राच्या समोर छाती काढून बसत नाहीं. तो जागा पाहून बसतो.

याचा अर्थ या लोकांनीं समुद्राकडे दुर्लक्ष केलें, असा मात्र नव्हे. आक्षी गांवांत एक कोरीव लेखाचा दगड आहे. शं. गो. तुळपुळे यांनीं त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ असा लावला, आणि त्यामुळें मराठी भाषेच्या अगदीं आरंभींच्या लेखांत त्याची गणना होऊं लागली. एका देवस्थानासाठीं दिलेल्या दानाचा तो लेख आहे. आणि त्यांतील शिलाहार राजाला पश्चिम समुद्राचा अधिपति म्हटलेलें आहे. मराठी भाषा दगडावर अक्षरें गिरवूं लागली, त्याच सुमारास तिनें समुद्राचें नांव घेतलें, हें विसरतां येत नाहीं. मात्र तो समुद्र पाहण्याचा नव्हता. सत्ता चालविण्याचा आणि जकात घेण्याचा होता.

आक्षीच्या दक्षिणेस थोड्या कोसांवर चौल. आज तें नारळी-पोफळींत दडलेलें शांत गांव आहे. परंतु ग्रीक लेखकांनीं ज्याला सिमुल्ला म्हटलें आणि अरबांनीं ज्याला सैमूर म्हटलें, तें बंदर हेंच, असें विद्वान् मानतात. दहाव्या शतकाच्या आरंभीं अल् मसूदी हा अरब प्रवासी येथें आला होता. बसरा, बगदाद, ओमान या प्रांतांतून येऊन स्थायिक झालेले हजारों मुसलमान त्यानें येथें पाहिले. पुढें इ. स. १४६९ च्या सुमारास अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी विक्रीसाठीं एक घोडा घेऊन याच बंदरांत उतरला. वास्को द गामा कालिकतास पोंचण्याला तेव्हां अजून जवळजवळ तीस वर्षांचा अवकाश होता. गोऱ्या माणसाला पाहावयास लोक मागोमाग फिरत, असें निकितिननें लिहून ठेविलें आहे. पाहुणा गांव पाहावयास येण्याऐवजीं गांवच पाहुण्याला पाहावयास लोटे, असा तो काळ होता.

कांहीं पाहुणे व्यापारासाठीं आले नाहींत; लाटांनीं त्यांना आणून टाकलें. बेने इस्रायल समाजाची परंपरागत कथा अशी आहे कीं, त्यांच्या पूर्वजांचें गलबत नवगांवाजवळ फुटलें आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. त्यांच्या वंशजांनीं तेलाचे घाणे चालविले, शनिवारचा दिवस पाळला, आणि म्हणून गांवानें त्यांना शनवार तेली हें नांव दिलें. त्यांनीं आडनांवें घेतलीं तींहि याच मातीचीं: किहीमकर, नवगांवकर, पेणकर, रोहेकर. अलिबागेंत त्यांचें प्रार्थनामंदिर १८४८ सालीं उभें राहिलें. १९४८ नंतर यांतील बहुतेक कुटुंबें इस्रायलास गेलीं. परंतु किहीम हा शब्द तिकडेहि कोणाच्या तरी नांवाच्या शेवटीं जगत राहिला. दोन दिवसांच्या मुक्कामास आलेल्या माणसाला ज्या गांवाचें नांव पाटीवर दिसतें, तें गांव असें कोणाच्या तरी नांवांत कायमचें राहावयास गेलेलें आहे.

ज्या वाटेनें व्यापारी आले, त्याच वाटेनें तोफाहि आल्या. १५०८ सालीं चौलच्या खाडींत इजिप्त व गुजरात यांच्या आरमारांनीं पोर्तुगीजांना गांठलें आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेंसो द आल्मेदा लढाईंत पडला. तरीहि १५२१ सालीं निजामशहाच्या परवानगीनें पोर्तुगीजांनीं रेवदंड्यास पाय रोवलेच. १५७० - ७१ मध्यें मुर्तजा निजामशहानें त्या ठाण्याला वेढा घातला. कित्येक महिने झुंज चालली, पण ठाणें पडलें नाहीं. खाडीच्या पलीकडच्या डोंगरावर निजामशाहीनें किल्ला उभारला, तो कोर्लईचा. १५९४ सालीं तोहि पोर्तुगीजांनीं घेतला. आज रेवदंड्याच्या तटाच्या आंत माडांच्या वाड्या आहेत, आणि पडक्या मठाचा सातखणी मनोरा त्यांतून डोकें वर काढून उभा आहे. समुद्राकडून काय येईल याचा भरंवसा नाहीं, हें येथील घरांना कोणी पुस्तकांतून शिकविलें नव्हतें.

या भयाला पहिलें मोठें उत्तर शिवाजी महाराजांनीं दिलें. १६७९ सालीं त्यांनीं खांदेरी बेटावर तट बांधावयास घेतला, आणि इंग्रज व सिद्दी यांनीं जंग जंग पछाडलें तरी तें काम थांबलें नाहीं. अलिबागसमोरच्या खडकावर कुलाबा किल्ला त्यांच्या अखेरच्या काळांत सुरू झाला आणि संभाजी महाराजांच्या वेळीं पुरा झाला. त्याच किल्ल्याच्या आधारें कान्होजी आंग्रे यांनीं या समुद्रावर मराठ्यांचा हुकूम चालविला. १७२१ सालीं इंग्रज आणि पोर्तुगीज यांनीं एक होऊन कुलाब्यावर चाल केली. बाजीराव पेशवे घोडदळ घेऊन मदतीस आले, आणि दोन्ही परकीय सत्तांना हात हलवीत परत जावें लागलें. कान्होजी १७२९ सालीं वारले. त्यांची समाधि अलिबाग गांवांत आहे. वाळूवर घोडागाडी फिरवून परत जाणाऱ्या मंडळींपैकीं तेथें जाणारीं माणसें फार थोडीं.

आंग्र्यांच्या घराण्याला वारस उरला नाहीं, म्हणून १८४० सालीं इंग्रजांनीं हें संस्थान खालसा केलें. त्या वेळेपासून या किनाऱ्यावर शत्रूचें गलबत दिसण्याची भीति संपली. ओहोटीच्या वेळीं पायीं कुलाबा किल्ल्यांत गेल्यास चाकांच्या गाड्यांवर चढविलेल्या दोन इंग्रजी तोफा दिसतात. त्यांवर १८४९ हें साल कोरलेलें आहे. म्हणजे ज्या किल्ल्यासाठीं दीडशें वर्षें झगडा झाला, त्यांत या तोफा पोंचल्या तेव्हां झगडणारेंच कोणी राहिलें नव्हतें. पराक्रम संपल्यानंतर आलेली ती शांतता होती. परंतु ती शांतता होती खरी, आणि किनाऱ्याचा पुढील सर्व इतिहास या शांततेच्या उपयोगाचा इतिहास आहे.

केवळ शांततेसाठीं मुंबई सोडून अलिबागेस आलेला एक पाहुणा विशेष सांगण्यासारखा आहे. हा पाहुणा माणूस नव्हता. तो चुंबकाचा कांटा होता. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून घेतल्या जात होत्या. शहरांत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरल्यावर त्या प्रवाहानें कांटा विचलित होईल, हें वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनीं ओळखलें. अलिबागेस समुद्रालगत नवी वेधशाळा बांधण्यांत आली. लोखंडाचा अंश नसलेल्या दगडाचें तें बांधकाम. १९०४ ते १९०६ अशीं दोन वर्षें दोन्ही ठिकाणीं बरोबरीनें नोंदी घेऊन त्यांचा मेळ पाहिला, आणि मग मुंबईचें काम थांबविलें. मुंबईच्या रस्त्यांवर विजेची ट्राम १९०७ सालीं धांवूं लागली, तेव्हां कांटा सुरक्षित जागीं पोंचला होता. गजबजाटापासून दूर जावयास हवें, हें माणसांच्या आधीं त्या कांट्याच्या बाबतींत सिद्ध झालें.

माणसांतील आदर्श पाहुणा शोधावयाचा तर १९३० सालच्या किहीमला जावें लागेल. त्या वर्षीं सलीम अली जर्मनींतून पक्षिशास्त्राचें शिक्षण घेऊन परतले, तों मुंबईंतील त्यांची संग्रहालयांतील जागा पैशाच्या अभावीं रद्द झालेली. नोकरी नाहीं, शहरांत राहणें परवडत नाहीं. म्हणून पत्नी तेहमीना यांच्यासह ते किहीमला समुद्रकांठच्या घरीं राहावयास गेले. जवळच सुगरणींची वसाहत होती. दुसरा एखादा माणूस समुद्राकडे पाहत नशिबाला बोल लावीत बसला असता. सलीम अलींनीं समुद्राकडे पाठ केली आणि त्या घरट्यांसमोर ते महिनेच्या महिने बसून राहिले. नर अर्धवट घरटें विणतो. माद्या येतात, आंतबाहेर फिरून घर पाहतात, पसंत पडलें तर राहतात, नाहीं तर सोडून जातात. आणि एक घर लागलें कीं नर दुसऱ्याच्या बांधणीस लागतो. एका हंगामांत एकाच नराच्या अशा अनेक गृहस्थ्या चालतात, ही गोष्ट त्यांनीं तेथें उलगडली आणि १९३१ सालीं ती प्रसिद्ध केली. ज्या गांवीं पुढें घर पाहून भाड्यानें घेणाऱ्यांची रीघ लागली, त्या गांवींच घर पाहून पसंत करणाऱ्या पक्षिणीचा शोध लागावा, हा योग गंमतीचा खरा. परंतु खरी गोष्ट ही कीं, निरुपाय म्हणून घेतलेल्या मुक्कामानें एका माणसाचें आयुष्य उभें केलें. कारण घराच्या मागें काय आहे हें त्यानें पाहिलें.

घराच्या मागें पुष्कळच कांहीं असतें. रेवदंड्याची खाडी ओलांडून कोर्लईस जावें. १७४० सालच्या तहानें पोर्तुगीजांनीं चौल आणि कोर्लई मराठ्यांच्या हवालीं केलीं आणि त्यांचे अधिकारी निघून गेले. डोंगराच्या पायथ्याशीं राहणारे ख्रिस्ती लोक मात्र तेथेंच राहिले, आणि पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणानें झालेली आपली बोली त्यांनीं घरांत चालू ठेविली. ते तिला नॉ लिंग, म्हणजे आमची भाषा, म्हणतात. राज्य गेलें, तट पडले, बोलणारे हजाराच्या आंतबाहेर उरले. आणि तरीहि आई मुलाला हांक मारते ती त्याच भाषेंत. अडीचशें वर्षें ती टिकली, याचें एक कारण खाडीनें गांवाला अलग ठेविलें होतें हें आहे. पूल झाला, शाळा झाली, मुलें नोकरीसाठीं बाहेर पडूं लागलीं. आणि जी भाषा तोफांनीं मेली नाहीं, तिच्यापुढें सोयीनें प्रश्न उभा केला. सोय नको असें कोर्लईच्या माणसाला सांगण्याचा अधिकार पाहुण्याला नाहीं. परंतु किल्ला पाहून उतरतांना खालीं कोणती भाषा कानीं पडते, हें ऐकण्यास त्याला कोणी अडविलेलें नाहीं.

जमिनीची गोष्टहि अशीच मागें, भातशेतांच्या बाजूस आहे. अलिबाग तालुक्यांतील चरी गांवीं कुळांनीं १९३३ सालीं खोतांच्या जुलमाविरुद्ध जमीन न कसण्याचा संप पुकारला. नारायण नागू पाटील हे त्यांचे पुढारी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्यांस पाठिंबा दिला. पंचवीस गांवें या संपांत होतीं. शेतें ओस पडलीं, लोकांनीं लांकडें विकून, करवंदें विकून दिवस काढले; पण १९३९ पर्यंत संप मोडला नाहीं. पुढें १९४९ सालीं कायद्यानें खोती नष्ट झाली. जी जमीन मिळविण्यासाठीं एक पिढी सहा वर्षें अर्धपोटीं राहिली, तिचे तुकडे पुढच्या पिढ्यांनीं बंगल्यांसाठीं विकले, तर त्यांत कोणाला दोष द्यावा? विकणाऱ्यालाहि मुलांचें शिक्षण करावयाचें असतें. मात्र एवढें दिसतें कीं, ज्याची वाडी होती तोच कित्येकदां तिच्या जागीं झालेल्या घराचा राखणदार होतो.

शत्रूचें भय गेलें तरी समुद्राचें स्वतःचें भय कधींच गेलें नाहीं. १७ जुलै १९४७ रोजीं, स्वातंत्र्य महिन्यावर आलें असतां, मुंबईहून रेवसकडे निघालेली रामदास बोट वाटेंत उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. अमावास्येस घरीं जाणारे चाकरमाने तींत पुष्कळ होते. या पट्ट्यांतील कितीएक घरांत तो दिवस पुढें वर्षानुवर्षें पाळला गेला. पुढें ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें. ताशीं शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्यानें मुरूड, श्रीवर्धनपर्यंतच्या वाड्यांतील नारळ-पोफळी मोडून पडल्या. भात पुढच्या वर्षीं पुन्हां पिकतें. पोफळीला फळ धरावयास पांच-सात वर्षें लागतात. त्या दिवसांत प्रत्येक वाडीवाल्यापुढें एकच प्रश्न होता: पुन्हां रोप लावावें, कीं रिकाम्या झालेल्या जागेंत खोल्या बांधून त्या भाड्यानें द्याव्या?

या प्रश्नाचें उत्तर केवळ त्याच्या हातीं नाहीं. १९९१ सालीं भारत सरकारनें भरतीच्या रेषेपासून पांचशें मीटरपर्यंतच्या पट्ट्यांतील बांधकामांवर निर्बंध घातले. पुढें २०११ आणि २०१९ सालीं ते नियम बदलले. परंतु या कायद्याच्या कितीतरी आधीं अष्टागरच्या माणसानें तोच नियम न लिहितां पाळला होता. वाळू समुद्राची, केवडा वाऱ्याचा, वाडी पोटाची, आणि घर त्यामागें. समुद्र दिसावा म्हणून केवडा तोडला, माड काढले आणि ओटी पुढें आणली, म्हणजे केवळ झाडें जात नाहींत. दोन हजार वर्षांत अनुभवानें बसविलेली एक मांडणी उलटी होते. वादळ येतें तें मग थेट दारांत येतें.

म्हणून समुद्रकांठीं घर घेऊन राहूं नये, असें कोणी म्हणणार नाहीं. मसूदी आला, निकितिन आला, फुटक्या गलबतांतून वांचलेलीं चौदा माणसें आलीं, चुंबकाचा कांटा आला, नोकरी गेलेला एक पक्षिनिरीक्षक आला. या किनाऱ्यानें सर्वांना जागा दिली. पाहुण्याला जागा देणें हा येथील धर्मच आहे. पाहुण्याचा धर्म एवढाच कीं, दोन सकाळींपैकीं एक सकाळ त्यानें समुद्राकडे पाठ करावी. वाडींतून चालत रस्त्यावर यावें, आक्षीचा दगड पाहावा, कान्होजींच्या समाधीपाशीं क्षणभर उभें राहावें, कोर्लईच्या पायथ्याशीं कान द्यावा. आणि जमल्यास अशा घरीं उतरावें, जेथून समुद्र दिसत नाहीं, परंतु रात्रीं माडांच्या मागून ऐकूं येतो. जुन्या माणसांनीं तो इतक्याच अंतरावर ठेविला होता.